चेहरा कोरून घेण्याआधी

२०१४ सालच्या जानेवारीत दक्षिण कोरियाच्या सोल शहरातील एका सौंदर्य-शल्यगृहाची छायाचित्रे जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली. शल्यगृहाच्या दर्शनी भागात काचेची उंच पात्रे मांडलेली होती आणि ती माणसांच्या जबड्याच्या हाडांच्या तुकड्यांनी भरलेली होती. चेहरा निमुळता करून घेण्यासाठी आलेल्या असंख्य स्त्रीपुरुषांच्या जबड्यांतून कापून काढलेली ही हाडे! आमच्या हातून एवढ्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, निःशंक मनाने या, असा त्या प्रदर्शनाचा अर्थ. गंगनम भागाच्या स्थानिक प्रशासनाने या शल्यगृहाला दंड केला. गुन्हा कोणता, तर वैद्यकीय कचरा नियमानुसार नष्ट न करता बाळगून ठेवणे. कायद्याच्या दृष्टीने तो कचरा होता आणि शल्यगृहाच्या दृष्टीने प्रशस्तिपत्र. ज्यांच्या शरीरातून ही हाडे निघाली, त्यांच्या दृष्टीने ती काय होती, हे कोणी विचारल्याचे दिसले नाही.

दूरच्या देशातील विकृती म्हणून हा विषय बाजूस सारण्याची सोय आता राहिलेली नाही. जबड्याचे कोपरे कापणे, गालाची उंच हाडे आत घेणे, हनुवटी पुढे-मागे सरकविणे, गालातील चरबी काढून टाकणे या गोष्टी आज मुंबई-पुण्यातही होतात. त्यांची चौकशी करणाऱ्यांत केवळ नटनट्याच असतात असे नाही. महाविद्यालयातील मुलेमुली आणि नुकतेच नोकरीस लागलेले तरुणही असतात. त्यांना उपदेश करणारे पुष्कळ आहेत. रूपापेक्षा गुण मोठे, हे वाक्य आपण शाळेच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहितो आणि त्याच आठवड्यात वधू-वरांच्या जाहिरातीत ‘गोरी, सुस्वरूप’ हे शब्द छापण्यासाठी पैसे मोजतो. तेव्हा तो उपदेश कोणी ऐकत नसेल, तर त्यात नवल नाही. म्हणून उपदेश तूर्त बाजूस ठेवून, ही शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय आणि तिच्याकडून कितीशी अपेक्षा करावी, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

हे प्रकरण सोलमध्येच एवढे का फोफावले? कोरियन युद्ध संपल्यानंतर, १९५४ साली, डेव्हिड राल्फ मिलार्ड नावाचे एक अमेरिकन शल्यविशारद सैन्याबरोबर तेथे गेले. भाजलेल्या आणि जखमी झालेल्या लोकांचे चेहरे दुरुस्त करणे हे त्यांचे काम होते. त्या कामाच्या जोडीनेच त्यांनी कोरियन माणसांच्या पापण्यांना पाश्चात्त्य धर्तीची घडी पाडण्याच्या शस्त्रक्रिया केल्या आणि पुढल्या वर्षी त्यावर लेखही लिहिला. पापण्यांपासून सुरू झालेली ही वाट नाकावरून पुढे सरकत हाडापर्यंत पोहोचली. नोकरीच्या अर्जाला छायाचित्र चिकटविण्याची प्रथा त्या देशात दीर्घकाळ होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. शेकडो अर्जांच्या गठ्ठ्यात पहिली चाळणी छायाचित्रावरून लागते अशी ज्याची खात्री झाली आहे, त्याने जबडा कापून घेतला तर त्याला निव्वळ हौशी म्हणता येत नाही. सरकारलाही हे कळले असावे. २०१७ साली सार्वजनिक संस्थांच्या भरतीतून छायाचित्र हद्दपार झाले आणि २०१९ मध्ये उमेदवाराचे रूप, उंची, वजन यांविषयी कामाशी संबंध नसताना माहिती मागण्यास कायद्याने बंदी आली. चेहऱ्याची बाजारपेठ मात्र त्यामुळे ओस पडली नाही.

इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खाली निमुळता होत जाणारा चेहरा हा तेथील आदर्श. गंमत अशी, की आपल्याकडे पिढ्यानपिढ्या नायिकेच्या मुखाला उपमा दिली गेली ती चंद्राची. पौर्णिमेच्या त्या चंद्राला सोलमध्ये दोन्ही बाजूंनी करवत लागली असती.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रियेकडे वळू. चेहऱ्याची ठेवण तीन थरांनी ठरते. सर्वांत खाली हाड, त्यावर स्नायू व चरबी आणि सर्वांत वर त्वचा. ज्याला आपण ‘चौकोनी चेहरा’ म्हणतो, तो यांपैकी कोणत्या थरामुळे चौकोनी झाला आहे, हे आरशात पाहून कळत नाही. कित्येकांच्या बाबतीत हाड बेताचेच असते आणि चावण्याचा स्नायू दांडगा असतो. दात घट्ट आवळून कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवले, की जो टणक गोळा हाताला लागतो तोच हा स्नायू. झोपेत दात खाण्याची सवय असलेल्यांत तो विशेष वाढतो. अशा वेळी बोट्युलिनमचे इंजेक्शन देऊन स्नायू शिथिल केला, तर काही आठवड्यांत तो रोडावतो. परिणाम काही महिने टिकतो आणि मग ओसरतो. ओसरतो, हा त्या उपायाचा दोष समजला जातो. एका अर्थी तोच त्याचा सर्वांत मोठा गुण होय, कारण नको वाटले तर माघारी फिरता येते.

हाडाच्या बाबतीत माघार नाही. जबड्याचे कोपरे कापताना बहुधा तोंडाच्या आतून, हिरडीच्या खालच्या बाजूस छेद घेतात, म्हणजे बाहेर व्रण दिसत नाही. मांसाचा थर हाडापासून सोडवून बारीक विद्युत-करवतीने हाडाची कड कापली जाते. हे सारे तोंडाच्या अरुंद पोकळीत, पूर्ण भुलेखाली चालते. गालाचे हाड आत घ्यावयाचे तर ते दोन ठिकाणी छेदून आत सरकवितात आणि टायटॅनियमच्या लहान पट्ट्या व स्क्रू यांनी पक्के करतात. हनुवटीचे हाड आडवे कापून पुढे किंवा मागे नेतात; तेथेही पट्टी लागते. जे अंतर कापले वा सरकविले जाते, ते मिलिमीटरमध्ये मोजण्याचे असते. जाहिरातीतील दोन छायाचित्रांमध्ये आकाशपाताळाएवढा दिसणारा फरक पुष्कळदा प्रकाशाचा, केशरचनेचा आणि मान किती वळविली आहे याचाही असतो.

या अरुंद जागेत आणखी एक रहिवासी आहे. खालच्या जबड्याच्या हाडातच एक बोगदा असतो आणि त्यातून खालचा ओठ, हनुवटी व दात यांना संवेदना पुरविणारा मज्जातंतू जातो. हनुवटीच्या बाजूला, दाढांच्या थोडे पुढे, एका छिद्रातून तो हाडाबाहेर पडतो. कोणाच्या जबड्यात तो वरून जातो, कोणाच्या खालून. म्हणून सी. टी. स्कॅन काढून त्याचा मार्ग आधी पाहावा लागतो. तो ताणला गेला तर ओठ बधिर होतो. बहुतेकांची ही बधिरता काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होते, पण काहींची कायम राहते. खालचा ओठ कायमचा बधिर होणे म्हणजे काय, याची कल्पना दातांच्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेतलेल्या प्रत्येकाला आहे. चहाचा घोट ओठावरून ओघळतो आणि तो ओघळला आहे हे समोरच्याच्या नजरेवरून कळते. दाढ काढल्यावर हा प्रकार दोन-तीन तासांत संपतो. येथे तो संपेलच अशी हमी कोणीही देऊ शकत नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांविषयी जाहिरातीत फारसे लिहिलेले नसते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि त्या दिवशी आरशात दिसणारा चेहरा पूर्वीच्या चेहऱ्याहून मोठा, गोल आणि ओळखू न येणारा असतो. निमुळत्या चेहऱ्याच्या ओढीने आलेल्या माणसाला हे पाहून जो धक्का बसतो, त्याची तयारी आधी करून घेणारे डॉक्टर शहाणे. तोंडात टाके असल्यामुळे पहिले काही दिवस पेज, ताक, वरणाचे पाणी आणि नंतर काही आठवडे मऊ भात. भाकरी, चिवडा, ऊस यांना बराच काळ रजा. जबडा पुरेसा उघडत नाही, बोलणे जड होते, खाल्ल्यानंतर दर वेळी चूळ भरावी लागते, कारण तोंडातील जखम चिघळण्याचा धोका असतो. महिनाभरात सूज बरीच उतरते. उरलेली मात्र इतक्या सावकाश उतरते, की खरा आकार दिसण्यास सहा महिने ते वर्ष लागते. दहा दिवसांची रजा टाकून परत कामावर रुजू होऊ, असा हिशेब ज्याने केला आहे त्याला कचेरीत सहकाऱ्यांची ‘दाढ सुजली का?’ ही चौकशी बरेच दिवस सहन करावी लागेल. लग्नाची तारीख दोन महिन्यांवर असताना ही शस्त्रक्रिया करून घेणे हे तर निव्वळ अविचाराचे काम.

ज्याचा विचार विशीत कोणी करीत नाही अशी आणखी एक गोष्ट. हाड हे त्वचेच्या तंबूचे खांब आहेत. खांब आखूड केले आणि कापड तेवढेच राहिले, तर ते सैल पडणारच. विशीतील त्वचा लवचीक असते, ती आकसते. चाळिशीनंतर ती तशी आकसत नाही. शिवाय वय वाढते तसे चेहऱ्याचे हाड आपोआपच झिजत जाते आणि गालावरची चरबी उतरते. तरुणपणी जे गाल ‘फार भरलेले’ म्हणून रिकामे करून घेतले, ते पन्नाशीत खप्पड दिसू लागतात. निसर्ग जे काम फुकट करणारच आहे, ते तीस वर्षे आधी पैसे देऊन उरकून घेण्यात शहाणपण किती, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःच्या आईच्या वा आजीच्या चेहऱ्याकडे पाहून स्वतःस विचारावा.

या साऱ्यामुळे ही शस्त्रक्रियाच त्याज्य आहे, असे मात्र माझे म्हणणे नाही. ज्या तंत्रावर ती उभी आहे, त्याचा जन्म सौंदर्यासाठी झालेलाच नाही. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी उभा चिरून पुढे-मागे सरकविण्याची पद्धत ह्यूगो ओब्वेगेझर यांनी १९५० च्या दशकात प्रसिद्ध केली, ती ज्यांचे वरचे व खालचे दात एकमेकांवर बसतच नाहीत अशांसाठी. पॉल तेसिए या फ्रेंच शल्यविशारदाने १९६० च्या दशकात कवटी आणि चेहरा यांची हाडे एकत्रितपणे हलविण्याचे जे धाडस केले, ते जन्मजात व्यंग असलेल्या मुलांना माणसांत वावरता यावे म्हणून. त्याही मागे गेलो तर आपण थेट पुण्याजवळ येऊन पोहोचतो.

१७९४ सालच्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आले. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकण्याचे काम करीत असता टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बेतून, तो कपाळावर सपाट करून, त्याभोवती रेघ मारून तेवढी कातडी त्याने सोडविली. दोन भुवयांच्या मधला एक पदर रक्तपुरवठ्यासाठी तसाच ठेवून ती कातडी वळवून खाली आणली आणि कातात भिजविलेल्या कापडाच्या घड्या बसवून जागीच धरून ठेवली. चार दिवसांनी तुपात भिजविलेली पट्टी. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो पदर कापला. भूल नव्हती, हे वेगळे सांगावयास नको. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिल्याचे पत्रात म्हटले आहे. हे वाचून जोसेफ कार्प्यू यांनी पुढे, १८१४ साली, लंडनमध्ये तसे नाक बसविले आणि आधुनिक युरोपातील प्लास्टिक सर्जरीला चालना मिळाली. त्या अनाम कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. रोग्याचे नाव राहिले, चित्रही राहिले.

कावसजीला नव्या नाकाकडून काय हवे होते? लोकांनी आपल्याकडे पाहून तोंड फिरवू नये, एवढेच असावे. ती अपेक्षा मोजता येण्याजोगी होती आणि म्हणूनच पुरी होऊ शकली. सौंदर्यासाठी येणाऱ्या माणसाची अपेक्षाही अशी मोजता येते का, हे पहिल्या भेटीत तपासावे लागते. ‘हनुवटी मागे गेल्यामुळे ओठ मिटत नाहीत’ ही तक्रार शस्त्राने दूर होण्याजोगी आहे. ‘लोक मला गंभीरपणे घेत नाहीत’ ही तक्रार हाडात नसते. आपल्या चेहऱ्यात दुसऱ्या कोणाला न दिसणारे व्यंग आहे या विचाराने दिवसचे दिवस ग्रासलेली माणसे असतात. तो एक मानसिक आजार आहे आणि शस्त्रक्रियेने तो बहुधा बरा होत नाही. व्यंग जबड्यावरून उठून नाकावर जाऊन बसते. अशा माणसाला प्रथम मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविणारा डॉक्टर गिऱ्हाईक गमावतो, पण वैद्यकाचा धर्म पाळतो.

अपेक्षा बिघडविण्याचे मोठे काम हल्ली खिशातला फोन करतो. २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी गणिताने दाखवून दिले, की बारा इंच अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा पाया पाच फुटांवरून काढलेल्या छायाचित्रापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. म्हणजे ज्या नाकाविषयी तक्रार आहे, ते नाक त्या चेहऱ्यावर अस्तित्वातच नाही. शिवाय आरशात आपण स्वतःला उलटे पाहतो. जगाला दिसणारा आपला चेहरा आपल्या फारशा ओळखीचा नसतो.

ही झाली शस्त्रक्रिया नीट पार पडली तरची गोष्ट. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये सोलमधील एका शल्यगृहात विशीतील एक विद्यार्थी जबडा निमुळता करून घेण्यासाठी दाखल झाला. प्रमुख शल्यविशारद आरंभापासून अखेरपर्यंत स्वतः जबाबदारी घेतात, असे तेथे सांगितले जात असे. प्रत्यक्षात हाड कापून झाल्यावर ते दुसऱ्या रोग्यांकडे गेले. पुढचे काम दुसऱ्या, अननुभवी डॉक्टरने केले आणि काही काळ तर खोलीत डॉक्टरच नव्हता. मुलाचा अतिरक्तस्राव झाला. तो शुद्धीवर आलाच नाही. काही आठवड्यांनी मरण पावला. शस्त्रक्रियेच्या खोलीत कॅमेरा होता. त्याच्या आईने ती चित्रफीत मिळविली आणि शेकडो वेळा पाहिली, कोण कधी आत आले आणि कधी बाहेर गेले याची मिनिटामिनिटाची टिपणे काढली, संसदेबाहेर फलक घेऊन ती उभी राहिली. २०२१ साली न्यायालयाने त्या प्रमुखास कारावासाची शिक्षा दिली आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला. २०२३ च्या सप्टेंबरपासून, रोगी बेशुद्ध असताना होणाऱ्या शस्त्रक्रियेच्या खोलीत कॅमेरा बसविणे तेथे सक्तीचे आहे. रोग्याने वा नातेवाइकांनी मागणी केली तर चित्रण करावे लागते आणि ते किमान तीस दिवस जपून ठेवावे लागते. डॉक्टरांच्या संघटनेने या कायद्याला कडाडून विरोध केला. कॅमेऱ्याखाली शल्यविशारदाचा हात आखडतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य नसेलच असे नाही. पण भूल दिलेला माणूस स्वतःचा साक्षीदार होऊ शकत नाही, याला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते.

आपल्याकडे असा कायदा नाही. जे आहे ते मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. २००८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात असा निर्णय दिला, की एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी वापरता येत नाही आणि धोके, पर्याय व परिणाम यांची पुरेशी माहिती दिल्यावाचून घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे. तेव्हा भूल देण्याच्या आदल्या संध्याकाळी पुढे केलेला छापील कागद न वाचता सही करून परत देऊ नये. तो आठवडाभर आधी मागून घेऊन घरी वाचण्याचा हक्क आपणास आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी डॉक्टरांना जाहिरात करून रोगी गोळा करण्यास मनाई केली आहे, हेही पडद्यावर झळकणाऱ्या सवलतींच्या घोषणा वाचताना आठवावे. करखाते आणि विमा कंपन्या यांनी तर सौंदर्य आणि उपचार यांच्यात केव्हाच रेघ ओढली आहे. व्यंग, अपघात वा इजा यांमुळे केलेली दुरुस्ती उपचारात मोडते; केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला ना आरोग्यसेवेची करमाफी मिळते, ना सर्वसाधारण विम्याचे पैसे. गुंतागुंत झाल्यास दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्चही बहुधा स्वतःच्याच खिशातून.

तरीही ज्याचा निश्चय झाला आहे, त्याने डॉक्टरांसमोर बसताना संकोच करू नये. आपली पदवी कोणती, हे विचारावे. प्लास्टिक सर्जरीतील एम. सीएच. अथवा डी.एन.बी., किंवा मुख व जबड्याच्या शस्त्रक्रियेतील एम.डी.एस. ही नावे ऐकू आली पाहिजेत. ‘कॉस्मेटॉलॉजी’ची दोन-चार महिन्यांची प्रमाणपत्रे हाडाला हात लावण्यासाठी नव्हेत. करवत प्रत्यक्ष कोण धरणार आणि टाके कोण घालणार, भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत खोलीत थांबणार का, रात्री रक्तस्राव झाला तर अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे की रुग्णवाहिकेने गाठावा लागेल, हेही विचारावे. माझ्या जबड्यात तो मज्जातंतू हाडाच्या कडेपासून किती अंतरावर आहे, ते स्कॅनवर बोट ठेवून दाखवा, असे म्हणावे. ओठाची बधिरता राहिली अशी किती माणसे आपण स्वतः पाहिली, या प्रश्नाला ‘एकही नाही’ असे उत्तर आले, तर त्या डॉक्टरांनी एक तर फार थोड्या शस्त्रक्रिया केल्या असतील किंवा ते खरे सांगत नसतील. आणि कापून काढलेल्या हाडाचे आपण काय करता, हेही विचारण्यास हरकत नाही.